पोळलेला हात, तीन फोड आणि घरातले पाच वैद्य

वाचकाचं पत्र: परवा संध्याकाळी चहाचं पातेलं उतरवताना सांडशी निसटली आणि उकळता चहा डाव्या हातावर सांडला. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला पोळलं आहे. नळाखाली मिनिटभर हात धरला, मग टूथपेस्ट लावली. रात्री सासूबाईंनी कच्चा बटाटा किसून बांधला. सकाळी तीन फोड होते, त्यातला एक दहा रुपयांच्या नाण्याएवढा. नणंद म्हणते निळी शाई लाव, शेजारच्या काकू म्हणतात सुईने पाणी काढून टाक, आणि ह्यांनी मेडिकलमधून पांढरं मलम आणून ठेवलंय. ताप नाही, बोटं हलतात, आग मात्र होते. मी ३१ वर्षांची आहे, मला शुगर वगैरे नाही. घरात दोन वर्षांचा मुलगा आणि शुगर असलेल्या सासूबाई आहेत. कोणाचं ऐकू? डाग राहील का? आणि असं मुलाच्या बाबतीत झालं तर काय करायचं? (परभणी)

ताई,

हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा पोळून चार-पाच दिवस झालेले असतील. म्हणून आधी आज काय करायचं ते सांगतो, कोण चुकलं ते नंतर.

हातावर जे काही लावलेलं आहे ते काढा, पण खरवडू नका. धुतलेल्या सुती कापडाची घडी गार पाण्यात भिजवून त्या जागेवर पाच-दहा मिनिटं ठेवा. टूथपेस्टची खपली आणि बटाट्याचा चोथा मऊ पडला की अंघोळीच्या साध्या साबणाचा फेस करून बोटांच्या पेरांनी हळूच फिरवा आणि धुऊन टाका. पाणी बोअरचं किंवा बरेच दिवस टाकीत साठलेलं असेल तर उकळून पूर्ण गार केलेलं घ्या. डेटॉलसारखी जंतुनाशकं, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काही नको. ती जंतू मारतात तशीच खालून नव्याने येणाऱ्या कातडीच्या पेशीही मारतात. पुसताना घासू नका, टॉवेल टिपत टिपत लावा. फोडावरून तर फक्त पाणी जाऊ द्या.

आता हात खिडकीजवळ उजेडात धरा आणि फोडाच्या शेजारच्या लाल भागावर दुसऱ्या हाताचं बोट दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी पडून दोन-तीन सेकंदांत पुन्हा लाल झाली, तिथे ओलसर गुलाबी दिसतंय आणि हात लावला की चरचरतंय, तर पोळणं वरच्या थरातलं आहे. तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतं. पण दाबूनही रंग बदलत नसेल, मधला भाग पांढुरका मेणासारखा किंवा गडद लाल ठिपक्यांचा असेल, किंवा टोचलेलं तिथे नीट कळत नसेल, तर जखम खोल आहे. आपल्याकडे ‘दुखत नाही म्हणजे बरं आहे’ असं मानतात. भाजण्यात हिशोब उलटा आहे. खोल जखमेत दुखणं कळवणाऱ्या नसाच जळलेल्या असतात. अशा हाताला घरचे उपचार करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासून वरवरचं निघालं तर पट्टी अशी करा. मेडिकलमध्ये ‘पॅरॅफिन गॉज’ मागा. व्हॅसलीनमध्ये बुडवलेली जाळी असते ती, एकेका पाकिटात निर्जंतुक केलेली. जखमेपेक्षा दोन बोटं मोठा तुकडा त्यावर ठेवा. त्यावर कोरड्या गॉजच्या तीन-चार घड्या आणि वरून रोलर बँडेज, मनगटाकडून कोपराकडे गुंडाळत. बँडेजखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. बोटं सुजली, निळसर झाली किंवा मुंग्या आल्या तर घट्ट झालं आहे, सोडून पुन्हा बांधा. कापूस थेट जखमेवर कधीही ठेवू नका, त्याचे तंतू लस सुकताना आत चिकटतात आणि पुढच्या पट्टीला नवी कातडी घेऊनच निघतात. पट्टी दर दोन दिवसांनी बदला, भिजली किंवा पिवळट लस बाहेर आली तर लगेच. जुनी चिकटली असेल तर ओढू नका, पाण्याने भिजवून सुटेपर्यंत थांबा.

पट्टी बदलताना दर वेळी मोबाइलने एक फोटो काढा. त्याच खिडकीत, शेजारी एक नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. लाल भागाची कड बॉलपेनने आखून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली असेल तर वाद घालायला जागा उरत नाही आणि डॉक्टरांनाही दाखवता येतं.

आता काकूंची सुई. फोडातलं पाणी ‘खराब’ नसतं. ती रक्तातूनच झिरपलेली लस असते, आणि वरची ताणलेली कातडी ही बाजारात न मिळणारी, जंतू आत जाऊ न देणारी पट्टी असते. तिला सुईने भोक पाडलं की पाणी निघतं, पण जंतूंना वाटही मिळते. गॅसवर लाल केलेली सुईसुद्धा फक्त स्वतः निर्जंतुक होते, तुमच्या कातडीवरचे जंतू तिथेच राहतात. त्यामुळे लहान दोन फोड अजिबात हात न लावता राहू द्या. बरेचदा आठवड्यात पाणी आपोआप शोषलं जातं आणि वरची कातडी सुरकुतते. दहा रुपयांच्या नाण्याएवढा जो आहे, तो मऊ असेल आणि हात वळवताना अडत नसेल तर त्यालाही राहू द्या. टणक ताणला असेल, सांध्यावर येत असेल किंवा पाणी गढूळ दिसू लागलं असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घ्या. ते निर्जंतुक कात्रीने सुटलेली कातडी कापून वर पट्टी करतील. काही डॉक्टर मोठे फोड पहिल्याच भेटीत काढतात, म्हणजे खालच्या जखमेची खोली नीट दिसते. ते चूक नाही. फोड आपोआप फुटला तर घाबरू नका: धुवा, वरची कातडी जागेवर पसरून राहू द्या, लोंबत असलेला मळका तुकडा सोडून काही ओढू नका आणि वर सांगितलेली पट्टी करा.

ह्यांनी आणलेलं पांढरं मलम बहुतेक सिल्व्हर सल्फाडायझीन असेल, ट्यूबवर वाचा. औषध खोटं नाही. मोठ्या, खोल, जंतुसंसर्गाचा धोका असलेल्या भाजण्यात ते अनेक वर्षं वापरलं गेलं आहे. पण तुमच्यासारख्या वरवरच्या, लहान जखमेवर ते भरून येण्याला उशीर करतं. वर पिवळट पांढरा चिकट थर धरतो, तो रोज धुऊन काढावा लागतो आणि त्याखाली जखम कशी आहे ते कोणालाच दिसत नाही. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि दोन महिन्यांखालच्या बाळांना ते चालत नाही. चेहऱ्यावर लावलं तर रंग बदलण्याची भीती असते. थोडक्यात, ट्यूब कपाटात राहू द्या. घरोघरी असलेल्या पिवळ्या बर्नॉलचंही असंच. लगेच थापलं की त्याच्या पिवळ्या रंगाखाली जखमेचा खरा रंग कळत नाही. साधी व्हॅसलीन, स्वच्छ बोटाने पातळ लावलेली, या कामाला पुरते. आणि कृपा करून घरात पडलेली खाजेची, गजकर्णाची ट्यूब ‘मलमच आहे ना’ म्हणून लावू नका. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं. त्याने कातडी पातळ होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

टूथपेस्टने गार वाटलं असेल, ते खरंय. त्यातलं पुदिन्याचं तेल आणि मेंथॉल कातडीतल्या ‘थंड’ ओळखणाऱ्या नसांना चाळवतात. त्या नसांना थंडी कळते, कातडीचं तापमान मात्र अर्धा अंशही उतरत नाही. उलट वर थर बसल्याने आतली उष्णता बाहेर पडायला अडते, आणि दात घासण्यासाठी घातलेले बारीक कण आणि फेस करणारे पदार्थ उघड्या जखमेला झोंबतात. तूप, लोणी, हळद-तेल यांचंही पहिल्या तासात हेच होतं. हळदीचा आणखी एक तोटा म्हणजे सगळं पिवळं. शाईचा तोच, निळा. जखमेचा रंग पाहून खोली ठरवायची असते आणि आपण आधीच रंगवून ठेवतो. मग दवाखान्यात तो थर घासून काढावा लागतो, आणि ते दुखणं पोळण्याच्या वरताण असतं. मीठ, कॉफी पूड, कणीक, अंड्याचा पांढरा बलक यांच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही.

बटाट्याबद्दल मात्र सासूबाईंची बाजू थोडी घ्यावी लागेल. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी १९८० च्या दशकात भाजलेल्या मुलांवर बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून पाहिली आणि त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी अभ्यासली. दोन्ही स्वस्त, दोन्ही जखमेला न चिकटणाऱ्या, त्यामुळे बदलताना दुखत नाहीत. पण वाडियातल्या साली उकडलेल्या होत्या, गॉजवर बसवून दाबयंत्रात वाफेने निर्जंतुक केलेल्या. केळीचं पानही असंच निर्जंतुक करून. कच्चा बटाटा जमिनीतून येतो, त्याच्या सालीवर मातीतले जंतू असतात, आणि किसणीवर काल काय किसलं होतं ते कोणी पाहिलेलं नसतं. सासूबाईंना एवढं सांगितलंत तर त्या ऐकतील. बटाटा बरोबर होता, पण दवाखान्यातला.

या सगळ्या पाच वैद्यांत ज्याचं नावच नीट निघालं नाही तो म्हणजे पाणी. तुम्ही नळाखाली हात धरलात हे उत्तम केलंत, पण मिनिटभर धरलात. २० मिनिटं धरायला हवा होता. घड्याळ लावून २० मिनिटं.

कारण असं की चहा ओघळून गेला तरी कातडीत शिरलेली उष्णता तिथेच असते आणि खोल उतरत राहते. ६० अंश सेल्सियसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजू शकते, ७० अंशांना एक सेकंद पुरतो. गॅसवरून नुकता उतरवलेला चहा ९० च्या आसपास असतो. मधोमध जो भाग मेला तो मेला, पाण्याने तो जिवंत होत नाही. पण त्याच्याभोवती एक पट्टा असतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दुखावलेल्या असतात पण अजून बंद पडलेल्या नसतात. पुढच्या एक-दोन दिवसांत हा पट्टा एकतर सावरतो किंवा मरून जखम मोठी आणि खोल होते. वाहतं गार पाणी नेमकं इथे काम करतं. उष्णता काढून घेतं, सूज आणि दाह आवरतं, दुखणंही कमी करतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये भाजलेल्या २,४९५ मुलांच्या नोंदी तपासलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन तासांत किमान २० मिनिटं वाहतं गार पाणी मिळालेल्या मुलांत कातडी बसवण्याची शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी होती. इतका गुण देणारं दुसरं काही घरात नाही, आणि याला चिठ्ठीही लागत नाही.

तीन तास हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोणी शेतावर पोळलं आणि तासाभराने घरी आलं तरी ‘आता काय उपयोग’ म्हणू नका, २० मिनिटं पाण्याखाली धरा. तुमच्या हाताची ती वेळ गेली. आता गार पाण्याने आग थोडी शमेल, एवढंच.

बर्फ नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, वाचू पाहणाऱ्या त्या पट्ट्याचा रक्तपुरवठा आणखी तुटतो, आणि नुकत्याच पोळलेल्या कातडीला गारठ्याचीही इजा होते. फ्रीजमधलं बर्फगार पाणीही टाळा. नळाचं साधं पाणी, साधारण १५ ते २५ अंशांचं, सगळ्यात बरं. पण परभणीत एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, ते पोळलेल्या जागी सोडून उपयोग नाही. आधी चांगल्या हातावर घेऊन पाहा. गरम असेल तर माठातलं पाणी घ्या किंवा दोन्ही मिसळा. नळच नसेल, किंवा पाणी आठवड्यातून एकदा येत असेल, तर एका बादलीवर काम भागतं. खाली स्वच्छ परात किंवा टब ठेवा, हात त्यावर धरा, तांब्याने पाणी बारीक धारेने सोडा, खाली साठलेलं पुन्हा वर घ्या. पाणी कोमट वाटू लागलं की बदला. दुसऱ्या कोणाला तरी तांब्या धरायला लावा, एका हाताने २० मिनिटं कोणी ओतत बसत नाही. बस, रेल्वे, शेत, जिथे तेवढंही पाणी नाही तिथे ओलं सुती कापड ठेवून दर दोन मिनिटांनी बदलत राहा. कापड तसंच ठेवलं तर तेच गरम होऊन बसतं.

पाणी चालू असतानाच बांगड्या, पाटल्या, अंगठी, घड्याळ काढून घ्या. सूज अर्ध्या तासात चढू लागते आणि मग अंगठी बोटाला फास होते. साबणाने निघतात तोवर काढा, सुजेत अडकलेल्या काचेच्या बांगड्या शेवटी वाढवाव्याच लागतात. ओले कपडेही काढा, विशेषतः सिंथेटिक, कारण चहाने भिजलेला ड्रेस अंगाला चिकटून गरमच राहतो. कातडीला चिकटून बसलेलं कापड मात्र ओढू नका. त्याच्या कडेने कापा आणि चिकटलेलं तसंच ठेवून वर पाणी सोडा. तळणीचं तेल, गुळाचा पाक, रटरटणारं पिठलं यांचं तसंच. तेल १८० अंशांपर्यंत असतं, आणि पाक व पिठलं चिकटून बसतात. आधी पाणी सोडा, चिकटलेलं बोटांनी उपसू नका, नाहीतर दुसराही हात पोळेल.

आता मुलाचं. दोन वर्षांच्या मुलाची कातडी तुमच्यापेक्षा बरीच पातळ असते. जो चहा तुमच्या हातावर फोड आणतो तो त्याच्या छातीवर खोल जखम करू शकतो. कपडे आणि डायपर लगेच उतरवा, डायपर गरम पाणी धरून ठेवतो. फक्त पोळलेला भाग पाण्याखाली, बाकीचं अंग टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. लहान मुलं फार पटकन गारठतात. ओठ निळसर झाले किंवा हुडहुडी भरली तर थांबा, अंग गरम करा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू करा. तो आक्रोश करेल आणि पाचव्या मिनिटाला घरातलं कोणीतरी ‘पुरे झालं, लेकराचे हाल करताय’ म्हणेलच. थांबू नका. दोन-तीन टप्प्यांत झाली तरी २० मिनिटं पूर्ण करा. नंतर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लॅस्टिक) असेल तर पहिला वेढा टाकून द्या आणि तिच्या लांबट पट्ट्या जखमेवर ठेवा, हाताभोवती गुंडाळू नका, कारण सूज येते. नसेल तर धुतलेली सुती ओढणी किंवा जुन्या मऊ धोतराचा तुकडा. पंजा पोळला असेल तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी मोज्यासारखी चढवा. वर काही लावायचं नाही, टूथपेस्ट तर नाहीच, आणि थेट दवाखाना.

पाच वर्षांखालच्या मुलाला फोड आला असेल तर तो कितीही लहान असो, डॉक्टरांना दाखवा. मापासाठी त्याचाच तळहात बोटांसकट धरा, तो त्याच्या अंगाच्या साधारण एक टक्का असतो. त्यापेक्षा मोठं असेल तर तासाभरात पोचा, १०८ ला फोन करा. मोठ्या माणसांतही चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, जांघ, मोठा सांधा किंवा हाता-पायाला चहूबाजूंनी वेढणारं पोळणं असेल, विजेचा झटका किंवा ॲसिड असेल, बंद खोलीत धूर नाकात गेला असेल, किंवा गरोदरपण, शुगर, साठीपुढचं वय असेल, तर क्षेत्र लहान म्हणून घरी थांबू नका. विजेचं भाजणं वरून रुपयाएवढं दिसतं आणि आत कितीतरी खोल गेलेलं असतं. चुन्याची पूड सांडली तर आधी कोरड्या कापडाने झटका, मग भरपूर पाणी.

मुलाला दुखण्यासाठी पॅरासिटामॉल वजनावर मोजा: एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. इथे एक घोळ नेहमी होतो. बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. पाच मिलीत १२० मिलिग्रॅमवाली असेल तर साडेसात मिली, २५० वाली असेल तर साडेतीन मिलीच्या जरा वर. बाळांचे थेंब तर आणखी दाट, त्यात एका मिलीत १०० मिलिग्रॅम. लेबल वाचल्याशिवाय ‘एक झाकण’ देऊ नका. ॲस्पिरिन मुलांना नको. तुम्हाला स्वतःला पॅरासिटामॉलचीच ६५० ची एक गोळी, लागलीच तर सहा तासांनी दुसरी. पुढचे काही दिवस मुलावर लक्ष ठेवा. अचानक ताप, अंगावर पुरळ, जुलाब, मूल मलूल पडणं यातलं काही दिसलं तर जखम छान दिसत असली तरी लगेच नेऊन दाखवा. लहानशा भाजण्यातूनही क्वचित जंतूंचं विष अंगभर पसरतं आणि ते वेळ देत नाही.

मुलं पोळतात ती बहुतेक ओढून घेतल्याने आणि पडल्याने. चहाचा कप टेबलक्लॉथवर ठेवू नका, तो क्लॉथ खेचला जातो. कडेवर मूल घेऊन गाळणी धरू नका. अंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग कढत. उलट केलं तर त्या मधल्या मिनिटात कढत पाण्याची बादली जमिनीवर उघडी असते आणि मूल हात घालायला किंवा आत बसायला येतं. गीझरला आकडा असेल तर ५० अंशांवर ठेवा.

परत तुमच्या हाताकडे. भाकरी करायला हरकत नाही का, असं मनात असेलच. पट्टी आहे तोवर तव्याची धग आणि कणकेचा ओलावा दोन्ही टाळा, भांडी रबरी हातमोज्यात. पण हात गळ्यात बांधून ठेवू नका. मनगट आणि कोपर दिवसातून पाच-सहा वेळा पूर्ण हलवा, झोपताना उशीवर उंच ठेवा. आंबट खाल्ल्याने पू होतो, भाताने लस येते, वांग्याने चिघळतं, हे सगळं सोडा. कातडी भरायला प्रथिनं लागतात. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे नेहमीपेक्षा जास्त घ्या. लिंबू आणि आवळा तर हवेच. पू होतो तो जंतूंनी. दुखणं कमी होऊन पुन्हा वाढलं, लाली पसरली, वास आला, हिरवट-पिवळं येऊ लागलं किंवा ताप आला तर पट्टी बांधूनच डॉक्टरांकडे जा. अँटिबायोटिकच्या गोळ्या आपल्या मनाने नकोत, न चिघळलेल्या जखमेला त्यांचा उपयोग नसतो.

धनुर्वाताच्या इंजेक्शनचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत. मुलाच्या वेळी गरोदरपणात तुम्हाला टीटी किंवा टीडी दिलं असेल. माता-बाल कार्डावर तारीख पाहा. पाच वर्षांच्या आतलं असेल आणि आधीचे डोस झालेले असतील तर आता सहसा लागत नाही. कार्ड सापडत नसेल तर आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

डागाचं. दहा ते चौदा दिवसांत जखम पूर्ण बुजली तर व्रण सहसा राहत नाही. रंग मात्र लगेच जुळत नाही. आपल्या कातडीवर ती जागा आधी गुलाबी, मग काळसर किंवा पांढुरकी दिसते आणि पूर्ववत व्हायला काही महिने, कधी वर्ष घेते. जखम बंद झाली, कुठेही ओली राहिली नाही, की मग खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन दिवसातून दोनदा बोटाने गोल चोळून लावा. खाज येईल, नखं लावू नका, खपली उपटू नका. कोरफड याच टप्प्यावर चालेल, आधी नाही. लिंबू, दही, बेसन लावून रंग उजळत नाही, आग मात्र होते. उन्हात जाताना पूर्ण बाहीचा ब्लाउज किंवा एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, वर्षभर. नवी कातडी उन्हाने पटकन काळवंडते आणि तो काळेपणा चिवट असतो. दोन आठवडे उलटले तरी एखादी जागा ओली असेल तर प्लास्टिक सर्जनला दाखवा. तीन आठवड्यांहून जास्त रेंगाळलेली जखम उंचवट्याचा, ओढणारा व्रण सोडते. त्याला सिलिकॉन जेल आणि दाबपट्टीचे उपाय आहेत, पण ते सुरुवातीलाच करावे लागतात.

शेवटचं सासूबाईंसाठी. शुगरने पायांच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात, आणि गुडघे-टाचा दुखतात म्हणून त्या रात्री गरम पाण्याची पिशवी किंवा विटेचा शेक घेत असतील. त्यांना चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो, आणि शुगर असलेल्या पायाचा फोड लवकर भरत नाही. पिशवीत उकळतं पाणी भरू नका, टॉवेलच्या दोन घड्या घाला, आधी तुमच्या मनगटावर ठेवून पाहा, दहा मिनिटांत काढून घ्या, आणि पिशवी पायाशी ठेवून झोपू देऊ नका. त्यांच्या तळपायांवरून रोज एकदा नजर टाका. तिथे पोळल्याची खूण दिसली तर २० मिनिटं पाणी आणि त्याच दिवशी डॉक्टर, मग ती खूण मटाराएवढी का असेना.